60 दिवस उलटून गेले, आता अपील करता येईल का? अपंगत्वाच्या भरपाईचा निकाल आणि विलंब माफी

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचे मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. 8 फेब्रुवारी 2021 ला त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. तेव्हा वय 35, पगार 15,000 रुपयांच्या थोडा वर. नाशिकच्या कामगार न्यायालयात भरपाईचा दावा झाला आणि 17 जून 2025 ला निकाल लागला. अपंगत्व 30 टक्के धरून 5,32,062 रुपये, आणि ही रक्कम निकालापासून 30 दिवसांत भरली नाही तरच पुढे 12 टक्के व्याज. डॉक्टरांच्या दाखल्यात 50 टक्के लिहिले होते. वकिलांनी निकालाची नक्कल हातात दिली, पण अपील मुंबईला करायचे असते आणि त्याला मुदत असते, हे सांगितले नाही. आता ‘मुदत वाढवून घ्यायला नाशिकला अर्ज कुठे करायचा?’ असे तुम्ही विचारले आहे.

नाशिकला असा अर्ज करू नका. तो अर्ज तिथे चालत नाही, आणि त्याच्या तारखा पडत राहतात तोवर तुमचा उशीर वाढत जातो. अपिलाची मुदत आधी वाढवून घ्यायची अशी पद्धतच नाही. अपील थेट मुंबई उच्च न्यायालयात दाखल करायचे आणि त्याच्यासोबत ‘झालेला उशीर माफ करावा’ असा वेगळा अर्ज जोडायचा. निकाल देणाऱ्या न्यायालयाला हा उशीर माफ करण्याचा अधिकार नाही, तो अपील ऐकणाऱ्या न्यायालयाला आहे. म्हणजे अपील तयार नसताना नुसता विलंब माफीचा अर्जही कामाचा नाही. दोन्ही एकदम लागतात.

कायदा असा. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 खाली कामगार न्यायालयाचे न्यायाधीश ‘आयुक्त’ म्हणून निकाल देतात. त्यावर कलम 30 प्रमाणे उच्च न्यायालयात अपील होते, मुदत 60 दिवस. त्याच कलमात, मुदत कायदा, 1963 चे कलम 5 या अपिलांना लागू राहील, असे स्पष्ट लिहिले आहे. मुदतीत अपील न करण्याला ‘पुरेसे कारण’ होते हे पटवून दिले, तर न्यायालय उशिरा आलेले अपीलही दाखल करून घेऊ शकते, असे हे कलम 5 सांगते. उशिराला वरची मर्यादा तिथे दिलेली नाही. 10 दिवसांचा उशीरही नाकारला जाऊ शकतो आणि वर्षभराचाही माफ होऊ शकतो. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो, औरंगाबाद खंडपीठाकडे नाही. शेजारच्या धुळे, जळगाव, अहिल्यानगरच्या लोकांना औरंगाबादला जावे लागते, त्यामुळे ओळखीच्या कुणी तिकडचा पत्ता दिला असेल तर तो तुमच्यासाठी नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली, म्हणून ‘आता जुना कायदाच नाही’ असे तुम्हाला कुणी सांगेल. तुमचा अपघात, दावा आणि निकाल, तिन्ही त्या तारखेआधीचे आहेत. तुमचे अपील 1923 च्या कायद्याखालचेच.

आता उशीर मोजू, कारण बहुतेकांचे गणित इथेच चुकते. निकालाचा दिवस धरायचा नाही. 18 जूनपासून मोजले तर 60 वा दिवस 16 ऑगस्ट 2025 ला येतो. पण मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वगळला जातो. तुम्ही लिहिले आहे की नकलेचा अर्ज 24 जूनला दिला, नक्कल 11 जुलैला तयार झाली आणि वकिलांनी ती 25 जुलैला घेतली. यातले 24 जून ते 11 जुलै हे 18 दिवस वगळले जातात. तयार नक्कल घ्यायला गेलेले पुढचे 14 दिवस वगळले जात नाहीत, ते आपल्याच खाती. म्हणजे शेवटचा दिवस 3 सप्टेंबर 2025. समजा तुम्ही 12 जानेवारी 2026 ला अपील दाखल केलेत, तर उशीर 131 दिवसांचा. नक्कल न धरता मोजला असता तर तो 149 दिवस दिसला असता.

या तारखा नकलेच्या शेवटच्या पानावर शिक्क्यात असतात: अर्ज कधी आला, शुल्क कधी भरले, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. शिक्का नीट वाचा. शुल्क भरायला आपल्याकडून उशीर झाला असेल तर तेवढे दिवसही वगळले जात नाहीत. आणि नकलेचा अर्जच 60 दिवस संपल्यावर केला असेल तर वगळण्याचा फायदा मिळत नाही, कारण तेव्हा मुदत शिल्लकच नसते. सुट्टीचेही असेच आहे. शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अपील मुदतीत धरतात. मुदत आधीच संपली असेल तर मधल्या सुट्ट्यांचा काही उपयोग नाही. अर्जात दिवसांचा आकडा चुकला की कार्यालय आक्षेप काढते, तो दुरुस्त करण्यात आठवडे जातात. आकडा दोनदा मोजा.

यानंतरची पायरी म्हणजे कारण. ‘आम्ही गरीब आहोत, आम्हाला कायदा माहीत नव्हता’ एवढ्या एका वाक्यावर उशीर माफ होईल असे धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. कातिजी प्रकरणात (1987) न्यायालय म्हणाले की उशीर करून पक्षकाराला काही फायदा होत नसतो, त्यामुळे दृष्टी उदार असावी. एन. बालकृष्णन प्रकरणात (1998) म्हटले की किती दिवस गेले यापेक्षा स्पष्टीकरण पटते का, हे महत्त्वाचे. उलट बसवराज (2013) आणि पथपती सुब्बा रेड्डी (2024) या निकालांत बजावले आहे की हयगय असेल तर केवळ सहानुभूतीपोटी उशीर माफ होणार नाही. समोरचा वकील हे शेवटचे दोन निकाल घेऊनच उभा राहील. दयेची याचना करणाऱ्या अर्जापेक्षा तारखांचा हिशेब देणारा अर्ज अशा वेळी टिकतो.

हिशेब कुठून कुठपर्यंत द्यायचा? रामलाल विरुद्ध रेवा कोलफील्ड्स (1962) या निकालाने ते ठरवून दिले आहे. मुदतीच्या आतल्या 60 दिवसांत तुम्ही काय करत होता याचा जाब द्यावा लागत नाही. शेवटच्या दिवसापासून अपील दाखल होईपर्यंतचा काळ समजावून सांगायचा असतो. तुमच्या बाबतीत 3 सप्टेंबर ते दाखल करण्याचा दिवस. एका कागदावर हे 131 दिवस लिहून काढा आणि त्यांचे तुकडे पाडा. अपील करता येते हे तुम्हाला कोणत्या तारखेला, कुणाकडून कळले? तोपर्यंतचा पहिला तुकडा. कळल्यावर कागद गोळा करायला किती दिवस गेले, हा दुसरा. मुंबईचा वकील गाठणे, इंग्रजी भाषांतर, पैशांची जुळवाजुळव हा तिसरा. प्रत्येक तुकड्यासमोर एखादा कागद हवा: वकिलांना पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशाचा तारखेसह छापील स्क्रीनशॉट, दवाखान्याची फाइल, विधी सेवा कार्यालयातल्या अर्जाची पोच, भाषांतराची पावती. दिवसागणिक खुलासा नसला तरी चालतो, मोठी मोकळी जागा मात्र नको. 15 ऑक्टोबरला कळले आणि नंतर अडीच महिने काहीच हालचाल नाही, असे दिसले तर आधीचे सगळे खरे असूनही अर्ज तिथे अडतो. म्हणून कळल्यानंतरचा वेग कळण्याआधीच्या अज्ञानापेक्षा जास्त तपासला जातो.

वकिलांनी सांगितले नाही, हे कारण चालते का? चालू शकते. रफीक विरुद्ध मुन्शीलाल (1981) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये. पण हल्ली जो तो वकिलावर ढकलतो, त्यामुळे न्यायालये हे कारण सावधपणे पाहतात. मोघम आरोप करू नका. निकाल कोणत्या तारखेला कळवला, नक्कल कोणत्या दिवशी दिली, त्यावेळी अपिलाबद्दल बोलणे झाले की नाही, हे सरळ लिहा. आधीचे वकील ‘मी अपिलाच्या मुदतीबद्दल सांगितले नव्हते’ असे दोन ओळींचे पत्र द्यायला तयार असतील तर त्याचे वजन फार मोठे. त्यांच्याशी भांडण करून ते पत्र मिळणार नाही.

मिस्टरांच्या हातावर त्या काळात दुसरी शस्त्रक्रिया झाल्याचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ती खरोखर सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये झाली असेल तर ते तुमचे सर्वांत भक्कम कारण आहे. डिस्चार्ज कार्ड, ड्रेसिंगच्या तारखा, फिजिओथेरपीची कार्डे काढून ठेवा. मात्र तारीख ओढूनताणून बसवलेला वैद्यकीय दाखला कधीही जोडू नका. दाखल्यावर ‘विश्रांतीचा सल्ला’ आणि त्याच आठवड्यात मिस्टरांची सही दुसऱ्या कुठल्या कागदावर, असे निघाले तर नुसता उशीर नव्हे, सगळ्या दाव्यावरचाच विश्वास उडतो.

आता थोडे थांबून दुसरा प्रश्न पाहू. तो तुम्ही विचारलेला नाही, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो: उशीर माफ झाला तरी अपिलात सांगायचे काय? कलम 30 खाली प्रत्येक नाराजीवर अपील होत नाही. कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असावा लागतो आणि वादातली रक्कम साधारणपणे किमान 10,000 रुपये हवी. गोल्ला राजन्ना (2017) आणि सुजाता (2019) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की टक्केवारी किती, हा सहसा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, त्यात उच्च न्यायालयाने हात घालू नये. तुमचा सगळा राग 50 चे 30 झाले यावर आहे, आणि तीच तुमची कमकुवत बाजू आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत एका हाताची तीन बोटे गेल्यास 30 टक्के, असे छापलेलेच आहे. आयुक्तांनी तेच धरले. पगाराची 15,000 ची मर्यादा (3 जानेवारी 2020 पासून लागू) आणि 35 वर्षे वयाचा 197.06 हा गुणक, दोन्ही बरोबर आहेत: 15,000 चे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले 197.06, त्याचे 30 टक्के, बरोबर 5,32,062.

टक्केवारीवर बोलायला एकच वाट उरते. प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात (1976) डावा हात गेलेल्या सुताराला तो सुतारकाम करू शकत नाही म्हणून पूर्ण अपंगत्वाची भरपाई मिळाली होती. मिस्टर अपघाताच्या वेळी जी कामे करू शकत होते त्यांतले एकही आता करू शकत नाहीत, असा पुरावा नाशिकला नोंदवला गेला होता आणि आयुक्तांनी त्याकडे पाहिलेच नाही, असे असेल तर मुद्दा होऊ शकतो. डॉक्टरांची साक्ष झाली होती की नुसता दाखला लावला होता, हे रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारीखवार नोंदींत) बघा. त्यावर बरेच अवलंबून आहे.

व्याजावर मात्र निकाल मला स्पष्ट चुकीचा दिसतो. कलम 4अ प्रमाणे भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नव्हे. वरच्याच 1976 च्या निकालात हे आहे आणि सिबी जॉर्ज (2012) प्रकरणात ते पुन्हा ठामपणे सांगितले आहे. एक महिन्यात रक्कम दिली नाही की 12 टक्के सरळ व्याज द्यावेच लागते. अपघातानंतरचा पहिला महिना सोडून 8 मार्च 2021 पासून निकालापर्यंत मोजले तरी 5,32,062 वर वर्षाला 63,847 रुपये, म्हणजे एकूण सुमारे 2 लाख 73 हजार. हा निखळ कायद्याचा मुद्दा आहे. अपिलाचा पहिला मुद्दा हाच ठेवा. दंडाची मागणी (50 टक्क्यांपर्यंत) केली होती आणि आयुक्तांनी त्यावर काहीच लिहिले नसेल, तर तो दुसरा. दंड मालकावर बसतो, विमा कंपनीवर सहसा नाही. व्याज मात्र विमा कंपनीकडूनही मिळू शकते. म्हणून दोघांनाही प्रतिवादी करा.

विलंब माफीच्या वेळी न्यायालयाने अपिलाचा गुणदोष पाहायचा नसतो हे खरे. तरीही अर्जाच्या शेवटी व्याजाचा मुद्दा तीन-चार ओळींत जरूर यावा. अपील पोकळ नाही एवढे त्यातून कळते.

इथपर्यंतचे एका दमात: नाशिकला अर्ज नाही, मुंबईला अपील आणि विलंब अर्ज एकत्र; उशीर 3 सप्टेंबरपासून मोजायचा; कारण तारखांसह; मुद्दा व्याजाचा.

कागदांची तयारी अशी. निकालाची प्रमाणित नक्कल, अपिलाचा मसुदा, विलंब माफीचा अर्ज आणि त्यावर पक्षकाराचे प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, दाव्याचे आणि लेखी जबाबाचे कागद, साक्षी, डॉक्टरांचा दाखला. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते आणि वेळ त्यातच जातो, ते काम आजच सुरू करा. साक्षींच्या नकला नसतील तर मिस्टर स्वतःच्या नावाने नाशिकच्या नक्कल विभागात अर्ज करू शकतात, त्यासाठी जुन्या वकिलांची गरज नाही. प्रतिज्ञापत्र नाशिकमध्येच नोटरीसमोर करता येते. ते मिस्टरांचे हवे. ‘माझ्या पक्षकाराने सांगितल्यावरून’ असे वकिलाचे प्रतिज्ञापत्र कमजोर पडते. मिस्टर आता डाव्या हाताने सही करत असतील किंवा अंगठा लावत असतील तर प्रतिज्ञापत्रात तसे एक वाक्य घाला. जुनी सही जुळत नाही असा आक्षेप हमखास निघतो. अंगठा असेल तर मजकूर मराठीत वाचून समजावल्याचा शेरा आणि ओळख पटवणाऱ्याची सही घ्या.

दाखल केल्यावर आधी स्टॅम्प नंबर (तात्पुरता नोंदणी क्रमांक) मिळतो, मग कार्यालयाचे आक्षेप येतात. ते ठरलेल्या मुदतीत दूर केले नाहीत तर अपील तिथेच निकालात निघते आणि मग ते परत उभे करायला आणखी एक विलंब अर्ज! वकिलांना दर पंधरवड्याला ‘आक्षेप निघाले का?’ एवढे विचारत राहा. त्यानंतर मालक आणि विमा कंपनीला नोटीस जाते, त्यांचे म्हणणे येते आणि विलंब अर्जावर सुनावणी होते. उशीर माफ करताना न्यायालय कधी कधी खर्च भरायला लावते किंवा उशिराच्या काळाचे व्याज नाकारते. तुमच्या आकड्यात 131 दिवसांचे व्याज ही लहान रक्कम आहे, ती अट आली तर खुशाल स्वीकारा.

पैशांची काळजी तुम्ही लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार, दोघांनाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मिस्टर दोन्हींत बसतात. नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या आणि तो उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे पाठवायला सांगा. 15100 या क्रमांकावरही चौकशी होते. अर्जाची पोच तारखेसह घ्या, ती विलंब अर्जातही कामी येते.

मालकाने रक्कम न्यायालयात भरली असेल तर ती काढून घ्या, अपिलासाठी अडवून ठेवू नका. काढताना अर्जात ‘अपिलाचा हक्क राखून’ असे लिहा. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, तक्रार नाही’ अशा कुठल्याही पुरशिशीवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही नको. तडजोडीवर दिलेल्या आदेशावर कलम 30 प्रमाणे अपीलच होत नाही. असा कागद आधीच दिला गेला आहे का, हे मिस्टरांना आणि जुन्या वकिलांना आजच विचारा, कारण तो असेल तर वरचे बरेचसे लागू पडणार नाही. मालकाने रक्कम भरलीच नसेल तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुलीचा अर्ज आयुक्तांकडे द्या. वसुली आणि अपील दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

ज्यांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. निकालात नुसती बेरीज-गुणाकाराची चूक असेल तर अपील नको, आयुक्त स्वतः ती दुरुस्त करू शकतात. दावा गैरहजेरीमुळे निकाली निघाला असेल तर आधी त्याच न्यायालयात तो परत नोंदवून घ्यायचा अर्ज करा. आणि कारखाना ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर हा मार्गच तुमचा नाही: तिथे वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट ईएसआय न्यायालयाकडे जातात, आणि ईएसआय न्यायालयाच्या निकालावर जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम 82 खाली उच्च न्यायालयात, तिथेही 60 दिवस आणि तिथेही कलम 5 ची विलंब माफी.

ताई, नकलेच्या शेवटच्या पानाचा आणि निकालातल्या व्याजाच्या परिच्छेदाचा फोटो नावे झाकून इथे टाकलात तर तारखा आणि मुद्दा दोन्ही पुन्हा तपासून देतो.